व्यवहार-विवेक : अतिभारारोपण



बीड जिल्ह्यातील सिरसाळा येथून एका व्यापारी बंधूंचे पत्र आले आहे. परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव आमच्या मराठवाड्यातील वाचकांना परिचित आहेच. पत्रलेखकांच्या घरी दोन पिढ्यांची आडत आहे. खाली दुकान, वर राहते घर. आता त्यांचे चिरंजीव आणि चिरंजीवांचे दोन मित्र रस्त्याकडेच्या शेतात पाण्याच्या उंच घसरगुंड्यांचे एक लहानसे उद्यान काढू इच्छितात. घसरगुंड्यांचे फायबरचे भाग एका परगावच्या विक्रेत्याकडून घ्यावेत आणि त्यांना उचलून धरणारा लोखंडी मनोरा मात्र ओळखीच्या वेल्डरकडून उभारावा, म्हणजे खर्च बराच वाचेल, असा मुलांचा हिशेब आहे. पत्रलेखक लिहितात, "आम्हाला धान्याचे वजन कळते, या वजनातले काही कळत नाही. मुलांना हो म्हणावे की नाही, आणि हो म्हणण्यापूर्वी काय विचारावे, ते सांगा."

प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या वेळचे सदर त्यासच देत आहे. व्यापारी घरांनी या धंद्यात उतरणे नवे नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि त्याशेजारचे वॉटर किंगडम १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्राला या करमणुकीची ओळख आहे. संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने शिर्डी व लोणावळा येथे जलउद्याने चालविली आणि २०२२ मध्ये खोपोलीच्या इमॅजिकाचाही ताबा घेतला. तेव्हा धंदा म्हणून हा विचार वावगा नाही. मात्र ज्या धंद्यात गिऱ्हाईक स्वतःच पन्नास फुटांवर चढून बसते, त्या धंद्याचा पहिला हिशेब पैशांचा नसून वजनाचा असतो.

आपल्याकडे वजनाचा विचार धर्मातही आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' हा एक अतिचार सांगितला आहे. प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येक घरात 'अइभारे' हा शब्द लहान मुलांच्याही कानांवरून गेलेला असतो. बैलाला, घोड्याला, हमालाला त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादू नये, हा त्याचा परंपरेने चालत आलेला अर्थ. आपल्या आजोबांच्या काळी गाडीला पोते जास्त झाले तर ते उतरवून घेणारे श्रावक होते. बैलाच्या मानेवरचे ओझे डोळ्यांना दिसते, त्याचा श्वास ऐकू येतो. लोखंडाचा खांब धापा टाकत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत गप्प उभा असतो आणि मग एकदम जातो. आणि तो गेल्यावर हिंसा होते ती खांबाची नव्हे, त्याच्यावर विश्वासून चढलेल्या माणसांची. म्हणून खांबावरचे अतिभारारोपण हे बैलावरच्या अतिभारारोपणापेक्षा कमी गंभीर मानता येत नाही.

आता हिशेब मांडू. व्यापाऱ्याला समजेल अशाच रीतीने मांडतो. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष रचनेचे आकडे स्थापत्य अभियंत्यानेच काढावयाचे असतात.

पहिले ओझे मनोऱ्याचे स्वतःचे. लोखंड, जिना, फलाट, फायबरची पन्हळ, पंपापासून वर गेलेले नळ हे सारे न हलणारे वजन. हे मोजण्यास सोपे आणि सहसा चुकत नाही. तरी एक गोष्ट सुटते. रिकामा नळ आणि भरलेला नळ यांत फरक असतो. दोनशे मिलिमीटर व्यासाचा, पंधरा मीटर उंच उभा नळ पाण्याने भरला की त्यातल्या पाण्याचेच वजन ४७० किलोच्या घरात जाते.

दुसरे ओझे वाहत्या पाण्याचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एक घनमीटर म्हणजे एक टन, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुरे. समजा, ऐंशी मीटर लांबीच्या पन्हळीत सेकंदाला साठ लिटर पाणी सोडले आणि ते वीस सेकंदांत खाली पोचले. म्हणजे कोणत्याही क्षणी पन्हळीत बाराशे लिटर पाणी असते. दर मीटरला अवघे पंधरा किलो. हे ओझे फारच हलके आहे. एकावेळी एक माणूस घसरत असेल तर त्याचे साठ-सत्तर किलो त्यात मिळवा. एवढ्यावरच रचना केली तर खांब बारीक लागतात, खर्च कमी येतो आणि कागदावर सर्व काही ठीक दिसते. घात होतो तो येथेच.

कारण माणसे नेहमी एकेक करून घसरत नाहीत. समजा, शाळेच्या सहलीतील बारा मुलांनी एकमेकांना धरून साखळी केली आणि वळणावर ती अडकली. सरासरी पंचेचाळीस किलो धरले तर सहा मीटर लांबीत ५४० किलो, म्हणजे दर मीटरला नव्वद. त्यांच्या शरीरांचा बांध झाल्याने मागे पाणी तुंबते. ऐंशी सेंटिमीटर व्यासाची पन्हळ अर्धी जरी भरली तरी दर मीटरला अडीचशे किलो पाणी साचते. जेथे पंधरा किलो पाणी धरले होते तेथे सतरापट झाले, आणि वरून पंप चालूच आहे.

ही कल्पनेतली भीती नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील काँकर्ड येथे २ जून १९९७ रोजी हेच घडले. नापा येथील शाळेचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सहलीला आले होते. तिसाहून अधिक मुले एकाच घसरगुंडीत एकत्र शिरली, अडकली, आणि पन्हळ तुटून सर्व जण उंचावरून खाली आले. एक विद्यार्थिनी मृत्यू पावली, बत्तीस जण जखमी झाले. ती घसरगुंडी एकामागून एक, अंतर ठेवून जाणाऱ्या माणसांसाठी होती. इंडोनेशियातील सुराबाया येथे मे २०२२ मध्ये पन्हळीत माणसे दाटली असता ती मधोमध तुटली आणि सोळा जण सुमारे दहा मीटरवरून कोसळले. तेथे वापराने जुनी व कमकुवत झालेली पन्हळ आणि जादा वजन ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

यातून पहिला नियम निघतो. रचना करताना गिऱ्हाईक कसे वागावे हे धरून चालत नाही. ते कसे वागू शकते हे धरावे लागते. पन्हळ तुंबली, पाणी भरले, माणसे दाटली, असे गृहीत धरून अभियंत्याने हिशेब केला आहे का, हे चिरंजीवांनी विचारावे. आणि वर उभ्या असलेल्या रक्षकाला खालचा माणूस बाहेर पडल्याशिवाय पुढच्याला सोडायचे नाही, हे बजावून, तेथे त्याचे कोणी ऐकेल एवढा अधिकार त्याला द्यावा. मालकाचा पाहुणा आला म्हणून नियम वाकला, की लोखंडाला पाहुणा कळत नाही.

तिसरे ओझे वळणाचे. हे वजनकाट्यावर दिसत नाही. चार जणांचा तराफा माणसांसह तीनशे किलोचा आहे आणि सेकंदाला आठ मीटर वेगाने चार मीटर त्रिज्येचे वळण घेतो, असे धरू. तेव्हा तो पन्हळीला बाहेरच्या बाजूस सुमारे ४९० किलोचा धक्का देतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त. हा धक्का बारा मीटर उंचीवर बसत असेल आणि आधाराचे पाय एकमेकांपासून तीन मीटरवर असतील, तर एका पायावर जवळपास दोन टन जादा दाब येतो आणि दुसरा पाय तेवढ्याच जोराने वर उपटला जातो. व्यापाऱ्याच्या मनात पाया म्हणजे खाली दाबणारी वस्तू असते. येथे पाया उपटण्याविरुद्धही धरून ठेवावा लागतो. त्यासाठी काँक्रीटचे वजन आणि त्यात खोल रोवलेले बोल्ट लागतात. ओळखीचा वेल्डर कितीही कुशल असला तरी हे त्याच्या डोळ्यांनी दिसणारे नाही, हिशेबानेच दिसणारे आहे.

शिवाय हा धक्का एकदा बसून थांबत नाही. अर्ध्या मिनिटाला एक तराफा सोडला तर आठ तासांत ९६० धक्के, शंभर दिवसांच्या हंगामात ९६ हजार. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. लोखंडाच्या जोडाचेही तसेच आहे. वेल्डिंगमध्ये राहिलेली केसाएवढी फट पहिल्या हंगामात काही करीत नाही, तिसऱ्या हंगामात तीच बोटभर होते. म्हणून 'दोन वर्षे चालले, काही झाले नाही' हे सुरक्षिततेचे प्रमाण मानू नये.

वजन किती यापेक्षा ते कोठे बसले आहे हेही पाहावे लागते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे २०१४ मध्ये १६८ फूट उंचीची एक जलघसरगुंडी सुरू झाली. त्या वेळी ती जगातील सर्वांत उंच होती. तराफ्यात तिघे बसत आणि तिघांच्या एकूण वजनाची मर्यादा ठरलेली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये पुढे दहा वर्षांचा एक हलका मुलगा आणि मागे दोन प्रौढ स्त्रिया बसल्या. एकूण वजन मर्यादेतच होते. पण पुढचा भाग हलका राहिल्याने तराफा चढावर उचलला गेला आणि वरच्या जाळीच्या लोखंडी कड्यावर आदळून तो मुलगा दगावला. पुढे ती घसरगुंडी पाडून टाकण्यात आली. तराजूत दोन्ही पारडी मिळून किती भरली एवढेच पाहणाऱ्याला तोल कळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

चौथे ओझे रांगेचे. घसरगुंडीत एक माणूस असतो तेव्हा जिन्यावर चाळीस उभे असतात. गर्दीच्या जागांसाठी भारतीय मानकाने दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो धरावयास सांगितले आहे. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद फलाट म्हणजे नऊ चौरस मीटर. तेथे साडेचार टन धरावे लागतात. लहानशा फलाटावर एवढी माणसे येतील कशी, असे वाटते. वर ओरडा झाला, पाऊस आला, कोणी घसरून पडले, की सगळे एकाच वेळी पुढे सरतात. तेव्हा कठड्यालाही बाजूचा रेटा बसतो.

पाचवे ओझे वाऱ्याचे. मराठवाड्यात या उद्यानांचा हंगाम आणि वळवाच्या पावसाचा हंगाम एकच. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे रचनेसाठी धरावयाचा मूळ वाऱ्याचा वेग भारतीय मानकात सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर दिला आहे. त्या वेगाचा वारा समोरच्या एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब देतो. ऐंशी मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर उंच पन्हळ वाऱ्यापुढे चौसष्ट चौरस मीटरचे शीडच उभे करते. आकाराप्रमाणे कमीजास्त करून हा दाब काही टनांवर जातो. मनोऱ्यावर जाहिरातीचे कापडी फलक बांधले तर त्यात आणखी भर. फलक बांधण्यापूर्वी अभियंत्याला विचारणारा मालक विरळा.

सहावे ओझे भूकंपाचे. याविषयी आपल्या भागात फार सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हलली, तेव्हा गणेश विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढवलेल्या मातीच्या धाब्याचे ओझे, यांनी निजलेल्यांना गाडले. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या पहाटे काळ ठरले. जमीन हलते तेव्हा जितके वजन वर, तितका खाली हिसका मोठा. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अनेक उंच पाणीटाक्यांच्या नळकांडी आधारांना बुडाशी आडव्या भेगा पडल्या, त्याचे कारण हेच. म्हणून मनोऱ्यावर पाण्याची मोठी टाकी ठेवू नये. पाणी जमिनीवरच्या टाकीत साठवावे आणि पंपाने लागेल तेवढेच वर न्यावे. वर पाच हजार लिटर साठवणे म्हणजे काठीच्या टोकाला पाच टन बांधणे होय.

ही सहाही ओझी अखेर एकाच जागी जातात. पन्हळ आपले ओझे खांबाला देते, खांब पायाला देतो, पाया जमिनीला देतो. हुंडी हातोहात फिरली तरी शेवटी कोणीतरी ती वटवावीच लागते. येथे ती जमीन वटवते. आणि आपली जमीन कोणती? काळी. कापसाला उत्तम, पायाला वाईट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षातून दोनदा खांबाला वर-खाली करते. त्यात तलावाची गळती एका बाजूस मुरत राहिली तर एक पाय फुगलेल्या मातीवर आणि दुसरा कोरड्या मातीवर, अशी अवस्था होते. तेव्हा मातीची तपासणी करून घ्यावी आणि अभियंता सांगेल त्या खोलीवर, कठीण मुरुमापर्यंत वा खडकापर्यंत पाया न्यावा. शेजारच्या घराचा पाया पाच फूट आहे म्हणून आपलाही पाच फूट, हा हिशेब नव्हे.

यात काळाचीही भर घालावी. तलावातील पाण्यात क्लोरीन असते. त्याचे तुषार लोखंडावर रोज पडतात आणि गंज लवकर धरतो. पन्हळीचे तुकडे जेथे बोल्टांनी जोडलेले असतात तेथे तो आधी धरतो आणि शेवटी दिसतो, कारण वर रंग असतो. उन्हाने फायबरचा वरचा थर खडबडीत होतो, मग त्याला केसासारख्या चिरा जातात. म्हणून रोज सकाळी उघडण्यापूर्वी एक फेरी, आठवड्याला बोल्टांची तपासणी, आणि हंगामापूर्वी जाणकाराकडून पूर्ण पाहणी आवश्यक आहे. या सर्वांची वही ठेवावी. रोजमेळ न लिहिणाऱ्या दुकानाची जी गत, तीच ही वही न लिहिणाऱ्या उद्यानाची.

अभियंते एवढ्या सगळ्या ओझ्यांवर आणखी दीडपट धरतात. पोलादी रचनेच्या भारतीय मानकात स्वतःचे वजन आणि माणसांचे वजन यांना १.५ ने गुणावयास सांगितले आहे. मुलांना वाटेल, दीडपट मजबूत आहे, मग थोडी माणसे जास्त चढली तर काय बिघडले? ही शिल्लक मालकाने वापरण्यासाठी नसते. लोखंडातील दोष, कारागिराची चूक, हिशेबातील अंदाज, यांसाठी ती बाजूला काढलेली असते. ठेवीदाराच्या पैशाला हात लावून धंदा करणाऱ्यास आपण काय म्हणतो, ते येथेही लागू आहे.

तेव्हा, बंधुवर्य, आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे. चिरंजीवांना पुढील गोष्टी विचाराव्यात. मातीचा अहवाल आहे काय? पन्हळ विकणाऱ्याने प्रत्येक आधारावर येणारा भार लेखी दिला आहे काय? तो भार घेऊन मनोरा व पाया यांची रचना पात्र स्थापत्य अभियंत्याने केली व त्यावर सही केली आहे काय? पन्हळ तुंबल्याचा, वाऱ्याचा, भूकंपाचा आणि उपटण्याचा हिशेब त्यात आहे काय? वेल्डिंगची तपासणी त्रयस्थाकडून होणार आहे काय? सुरू करण्यापूर्वी वाळूची पोती ठेवून वजन-चाचणी होणार आहे काय? शासकीय परवाने आणि विमा यांचे काय? उत्तरे कागदावर मिळाली तर पुढे जावे. एकाही प्रश्नाला 'होईल हो, काळजी नको' असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. मनोऱ्यात वाचवलेले पैसे हा नफा नव्हे. ते कोणाच्या तरी मुलाच्या नावावर काढलेले कर्ज आहे.

पाण्याविषयीही दोन शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही. आपल्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. पाण्याच्या थेंबात अपकायिक जीव मानणाऱ्या, गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या मुलांनी हा धंदा काढताना अनर्थदंडाचा विचार करावा, ही अपेक्षा जुनाट नाही. तेच पाणी गाळून पुन्हा वापरता येते हे खरे. परंतु मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर पाचशे चौरस मीटरच्या तलावातून रोज पाच हजार लिटर केवळ उन्हाने जाते. तुषारांनी व गाळणी धुण्याने जाते ते वेगळे. ते पाणी गावाच्या विहिरींतून येणार की शेततळ्यात साठवलेल्या पावसाचे असणार, याचे उत्तर गावाला आधी द्यावे. दुष्काळाच्या वर्षी उद्यान बंद ठेवण्याची तयारी असेल तरच कर्ज काढावे.

आता ज्यांना कोणतेही उद्यान काढावयाचे नाही, त्या वाचकांसाठी. हा लेख आपला नाही असे समजू नये.

आपल्या छतावर पाण्याची टाकी आहे. दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन टन. मोठी मोटार डोक्यावर उभी केल्यासारखे. ती स्लॅबच्या मध्यावर ठेवली आहे की खांबांच्या आणि तुळयांच्या वर, ते आज संध्याकाळीच पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे कामगारांच्या वसाहतीतील पाण्याची टाकी कोसळून तिच्याखाली अंघोळ करणारे कामगार दगावले. पाणी साठवणारी भिंत पाण्याचा रेटा सोसेल अशी बांधावी लागते, नुसती उभी राहील अशी नव्हे.

आपल्या दुकानावर माडी आहे. राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरलेले असतात. गोदामासाठी मानक किमान साडेसातशेच्या आसपास धरावयास सांगते, आणि थप्पी उंच होईल तसे अधिक. पन्नास किलोच्या आठ पोत्यांची एक थप्पी अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेत मावते आणि चारशे किलो भरते; म्हणजे चौरस मीटरला सातशेच्या वर. दिवाळीपूर्वी माल आला, खाली जागा नाही, म्हणून मुलांच्या खोलीत थप्प्या लावल्या, असे किती घरांत होते! ज्या मजल्याला दोनशेची उधारी झेपते, त्याच्या नावावर सातशे लिहिले जातात, आणि त्याच मजल्याखाली आपण गिऱ्हाईक बसवतो.

आणि आपल्या उत्सवांत अभिषेकाचे मंच असतात. २८ जानेवारी २०२५ रोजी उत्तर प्रदेशातील बडौत येथे आदिनाथ भगवंतांच्या निर्वाण लाडू महोत्सवात मानस्तंभापाशी उभारलेली तात्पुरती लाकडी रचना माणसांसह कोसळली. सात श्रावक-श्राविकांचे प्राण गेले, कित्येक जखमी झाले. हातात कलश, मुखात नामस्मरण, आणि पायाखाली न मोजलेले लाकूड. त्या दिवशी जे गेले ते भक्तीत कमी नव्हते. तेव्हा पुढल्या पंचकल्याणकासाठी वा मस्तकाभिषेकासाठी मंडप ठरवताना बोलीच्या रकमेइतकीच चर्चा मंचावर एका वेळी किती जण चढतील याची व्हावी, अभियंत्याची सही असावी, आणि ठरलेल्या संख्येनंतर विश्वस्तांच्या घरच्यांनाही खालीच थांबवावे. पुण्याची घाई असणाऱ्यास थांबवणे हीसुद्धा धर्मसेवाच आहे.

यतना म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहणे, अशी शिकवण आपल्याला लहानपणी मिळते. पायाखाली मुंगी आहे का ते आपण पाहतो. पायाखालचा आधार ओझे घेऊ शकेल का, हेही पाहणे त्याच यतनेचा भाग आहे. सिरसाळ्याच्या बंधूंनी उत्तर मिळण्यापूर्वी मुलांना होकार दिला नाही, याचे समाधान वाटते. आता कागद आल्यावर त्यांनी पुन्हा लिहावे. ते वाचून दाखविण्यास हे सदर बांधील आहे.

तोपर्यंत सर्वांना सादर जय जिनेंद्र.